हाउस लीग की रेप (रिप्रेझेंटेटिव्ह) संघ? टोरांटोत मुलांना आइस हॉकीला घालण्याआधीचा हिशेब

मूल सहा-सात वर्षांचं झालं, वर्गातली निम्मी पोरं सोमवारी रिंकवरच्या गोष्टी सांगायला लागली की मिसिसागा-ब्रॅम्प्टनकडच्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो: हॉकीला खर्च किती येतो? चौकशी केली की कुणी हजार डॉलर सांगतं, कुणी दहा हजार. दोघंही खरंच सांगत असतात. पहिल्याचं मूल हाउस लीगमध्ये, म्हणजे सगळ्यांना खेळता येणाऱ्या स्थानिक लीगमध्ये असतं; दुसऱ्याचं रेपमध्ये, म्हणजे निवडक मुलांच्या ‘रिप्रेझेंटेटिव्ह’ संघात. खेळ तोच, बर्फ तोच, पण घरच्या बजेटच्या दृष्टीने हे दोन निराळे खेळ आहेत आणि निर्णय घ्यायचा तो यांच्यातच. माझं मत आधीच सांगते: मूल दहा वर्षांचं होईपर्यंत हाउस लीगच घ्या आणि वाचलेले पैसे बर्फावरच्या जास्तीच्या वेळेवर घालवा.

पैसा जातो कुठे

बहुतेक पालकांना धास्ती असते ती गियरची, कारण ते डोळ्यांसमोर दिसतं: हेल्मेट, पॅड, स्केट्स, स्टिक, केवढी ती बॅग! खरा पैसा मात्र बर्फाच्या भाड्यात जातो. टोरांटो परिसरात संध्याकाळच्या वेळी रिंकचं भाडं तासाला तीन-चारशे डॉलरपर्यंत जातं. ते किती मुलांत वाटलं जातं आणि आठवड्यातून किती वेळा भरावं लागतं, यावर तुमची फी ठरते.

हाउस लीगमध्ये साधारण एक सराव आणि एक सामना असतो. सरावाला अनेकदा दोन संघ एकच रिंक वाटून घेतात. सगळ्यात लहान वयोगटांत सामने अर्ध्या रिंकवर होतात, म्हणजे एका बर्फावर एकाच वेळी दोन सामने. काही पालकांना हे ‘अर्धवट हॉकी’ वाटतं. तसं नाही. लहान जागेत लहान मुलाच्या स्टिकला पक (खेळायची रबरी चकती) जास्त वेळा लागतो, आणि भाडंही विभागलं जातं. त्यामुळे हंगामाची फी बहुतेक ठिकाणी सहाशे ते हजार डॉलरच्या घरात राहते. सामने जवळपासच्याच रिंकवर असतात आणि बॉडीचेकिंग, म्हणजे अंगाने धडक देऊन अडवणं, नसतं.

रेपचं गणित वेगळं. इथे ट्रायआउट देऊन निवड होते. टोरांटोत हे संघ जीटीएचएल म्हणजे ग्रेटर टोरांटो हॉकी लीगमध्ये खेळतात. ही संस्था १९११ पासून चालू आहे. संघांचे स्तर ए, एए आणि सगळ्यात वरचा एएए. आठवड्याला दोन सराव, दोन सामने, वर कौशल्यांसाठी वेगळा प्रशिक्षक. या सगळ्याचं भाडं आणि मानधन पंधरा-सोळा घरांत वाटलं जातं. ए स्तरावर अडीच-तीन हजारांपासून सुरुवात होते, आणि एएएला सगळं धरून दहा हजारांच्या पुढे गेलेली घरं मी पाहिली आहेत. फी हा त्यातला एक भाग. बाहेरगावच्या स्पर्धांचं हॉटेल, पेट्रोल, बाहेरचं खाणं, संघाचं जाकीट आणि बॅग वेगळी. अनेक स्पर्धांमध्ये आयोजकांनी ठरवलेल्या हॉटेलातच उतरावं लागतं. नातेवाइकांकडे राहून पैसे वाचवू म्हटलं तर तीही सोय नाही.

रेपच्या संघाने बोलावलं तर ‘हो’ म्हणण्याआधी मॅनेजरकडे संघाचं लेखी बजेट मागा. बर्फ, प्रशिक्षक, स्पर्धा, कपडे अशा प्रत्येक गोष्टीचा वेगळा आकडा त्यात असायला हवा. चांगला मॅनेजर लगेच देतो. टाळाटाळ झाली तर त्यातून काय समजायचं ते समजा.

या दोघांच्या मध्ये ‘सिलेक्ट’ नावाची एक वाट आहे, आणि आपल्या लोकांना तिची फारशी माहिती नसते. हाउस लीगमधलीच तयारीची मुलं निवडून एक जादा संघ करतात. मूल हाउस लीगमध्ये खेळतच राहतं, शिवाय थोडे अधिक सामने आणि एक-दोन स्पर्धा मिळतात. वरचा खर्च काही शे डॉलरपासून हजारभरापर्यंत. ज्याला खरंच जास्त खेळायचंय पण घरात दुसरं भावंड आणि एकच गाडी आहे, अशा मुलासाठी मला हीच वाट सगळ्यात शहाणपणाची वाटते.

गियर: काय नवं, काय जुनं

इथे मात्र मनसोक्त बचत करा. डोक्यापासून पायापर्यंत सगळं नवं, साध्या प्रतीचं घेतलं तरी लहान मुलाला पाचशे-सहाशे डॉलर सहज लागतात. जुनं-नवं मिसळून घेतलं तर ते निम्म्यात बसतं. मुलं एका हंगामात मापातून जातात, त्यामुळे बाजारात जुनं गियर भरपूर असतं आणि फारसं झिजलेलंही नसतं. ‘प्ले इट अगेन स्पोर्ट्स’ची दुकानं, किजिजी, फेसबुक मार्केटप्लेस आणि काही संस्थांचे गियर-स्वॅप, हे सगळं बघा.

शिन पॅड, एल्बो पॅड, शोल्डर पॅड, हॉकी पँट आणि बॅग बिनधास्त जुनी घ्या. ग्लोव्हज घेताना तळव्याची बाजू उलटून बघा, तिथे भोकं पडलेली असतात. हेल्मेट मी नवंच घेईन. जुन्या हेल्मेटने आतून किती मार खाल्लाय हे बाहेरून कळत नाही. त्यावर आणि पुढच्या जाळीवर सीएसए या कॅनडाच्या मानक संस्थेचं स्टिकर असायलाच हवं. गळ्याच्या गार्डवर बीएनक्यू या क्युबेकच्या मानक संस्थेचं चिन्ह लागतं, आणि हे गार्ड लहान मुलांच्या हॉकीत सक्तीचं आहे. माउथगार्ड आणि जॉक (जांघेचं संरक्षण) अर्थातच नवे.

स्केट्सबद्दल थोडं सविस्तर, कारण आपण सगळ्यात जास्त चुकतो ते इथे. कपडे, चपला वाढत्या अंगाच्या घ्यायची आपल्या घराघरांतली सवय हॉकी पँटला आणि जर्सीला चालते, स्केट्सना अजिबात चालत नाही. स्केट्सचं माप बुटांच्या मापापेक्षा साधारण एक ते दीड नंबरने लहान असतं. दुकानात नाडी पूर्ण सैल करा, मुलाला पाय पुढे सरकवून बोटं टोकाला टेकवायला सांगा आणि टाचेमागे तुमचं एक बोट घालून बघा. एक बोट जेमतेम मावलं तर माप बरोबर. दोन बोटं गेली तर घोटा आत डळमळणार, आणि मग मूल सारखं पडतं म्हणून आपण त्यालाच बोल लावणार.

जुने स्केट्स घेताना घोट्याचा भाग दोन्ही बाजूंनी दाबून बघा. तो कापडासारखा मऊ पडला असेल तर परत ठेवा. मग पातं बघा. वर्षानुवर्षं धार लावून स्टीलची उंची कमी झालेली असते, नुसती पट्टी उरली असेल तर ते स्केट्स फुकट मिळाले तरी नकोत. नव्या स्केट्सना बहुतेक वेळा धारच लावलेली नसते, हे अनेकांना पहिल्या दिवशी बर्फावर कळतं. धार लावायला साधारण दहा डॉलर पडतात. दर वेळी खेळून झाल्यावर पातं फडक्याने कोरडं केलं आणि काँक्रीटवर चालताना कव्हर घातलं की ती बरीच टिकते.

स्टिकवर पैसे उधळू नका. चारशे डॉलरची कंपोझिट स्टिक मोठ्या, ताकदवान खेळाडूसाठी असते. मुलाचं वजन पौंडात जितकं, त्याच्या साधारण निम्मा फ्लेक्स, म्हणजे स्टिक किती वाकते ते सांगणारा तिच्यावरचा आकडा, असला की पुरे. स्केट्स घालून उभं राहिल्यावर स्टिक हनुवटीपर्यंत यावी. जास्त लांब असेल तर वरून कापून घ्या.

मुलाला गोली म्हणजे गोलकीपर व्हायचं असेल तर घाबरू नका, पण खरेदीही करू नका. गोलीचे पॅड फार महाग असतात, म्हणून लहान वयोगटांत बऱ्याच संस्था ते हंगामापुरते वापरायला देतात. आधी विचारा.

त्याहूनही आधीचं पाऊल

स्केटिंग येत नसताना लीगची फी भरणं म्हणजे महागड्या बर्फावर पडायला शिकणं. टोरांटो शहराच्या उघड्या रिंकवर हिवाळाभर फुकट स्केटिंग करता येतं, फक्त स्केट्स आणि हेल्मेट तुमचं. एक हिवाळा तिथे घालवा, जमलं तर तुम्हीही पायात स्केट्स घाला. खेळ आवडतोय का हे कळायला याहून स्वस्त मार्ग नाही.

त्यानंतर ‘फर्स्ट शिफ्ट’ बघा. सहा ते दहा वर्षांच्या, कधीच हॉकीत नाव न घातलेल्या मुलांसाठी एनएचएल ही व्यावसायिक हॉकी लीग आणि तिच्या खेळाडूंची संघटना यांनी चालवलेला हा कार्यक्रम. दोन-अडीचशे डॉलरच्या आसपास डोक्यापासून पायापर्यंतचं नवं गियर आणि बर्फावरची सहा सत्रं मिळतात. एवढ्यात नुसतं गियरही येत नाही. जागा भराभर भरतात, म्हणून नोंदणी उघडायच्या तारखेवर लक्ष ठेवा.

घरात दोघांपैकी एकाचीच नोकरी असेल किंवा नुकतेच आला असाल, तर मदतीचे मार्गही आहेत. कॅनेडियन टायर या दुकानांच्या साखळीची ‘जम्पस्टार्ट’ संस्था फी आणि गियरसाठी मदत करते, हॉकी कॅनडा फाउंडेशनचा ‘असिस्ट फंड’ नोंदणीला हातभार लावतो, टोरांटो शहराची ‘वेलकम पॉलिसी’ कमी उत्पन्नाच्या घरांना शहराच्या वर्गांमध्ये सवलत देते. आपल्याकडे असा अर्ज करणं म्हणजे हात पसरणं वाटतं. तसं मानू नका. हे पैसे याच मुलांसाठी गोळा केलेले आहेत, आणि अर्ज न केल्याने तुमच्या मुलाचा एक हंगाम जातो. एक मात्र लक्षात घ्या: मुलांच्या खेळाच्या फीवर मिळणारी केंद्र सरकारची करसवलत २०१७ पासून बंद आहे. जुन्या याद्यांमध्ये ती अजून दिसते, तो आकडा हिशेबात धरू नका.

एवढंही झेपत नसेल तर बॉल हॉकी आहे. बर्फ नाही, स्केट्स नाहीत, फक्त हेल्मेट, ग्लोव्हज, शिन पॅड आणि स्टिक. भाड्याचा बोजा नसल्यामुळे फी बरीच कमी. पासिंग, जागा ओळखणं, गोलवर नेम धरणं हे सगळं तिथे शिकता येतं आणि नंतर बर्फावर उपयोगी पडतं.

मग कुणी काय निवडावं

हॉकीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातलं मूल असेल तर हाउस लीग, यात मला शंका नाही. मूल स्वतःहून सरावाला लवकर निघायची घाई करतंय, हाउस लीगच्या सामन्यात पक बराच वेळ त्याच्याकडेच असतो, असं दिसलं तर सिलेक्ट. रेपसाठी मी तीन गोष्टी बघेन: मूल दहाच्या पुढे आहे, मागणी त्याची आहे आणि आठवड्यातून चार दिवस गाडी चालवायला घरात कुणीतरी मोकळं आहे. तिसरी गोष्ट नसेल तर पैसे असूनही थांबा. धाकट्या भावंडाच्या सगळ्या संध्याकाळी रिंकच्या बाकावर जातात, आणि तो खर्च कुठल्याच बजेटमध्ये लिहिलेला नसतो. रेपचे पैसे पुढे स्कॉलरशिपमधून वसूल होतील या हिशेबाने तर मुळीच भरू नका. मुलाला आत्ता मिळणाऱ्या आनंदासाठी परवडत असतील तेवढेच भरा.

हाउस लीग ठरली असेल तर नोंदणी उन्हाळ्याआधीच करा. बऱ्याच संस्था लवकर भरणाऱ्यांना सूट देतात, हप्तेही पाडून देतात. स्वयंसेवेसाठी घेतलेली अनामत दोन-चार शनिवारी टाइमकीपरच्या खुर्चीत बसलं की परत मिळते. स्केट्स मात्र सप्टेंबर उजाडेपर्यंत घेऊ नका, उन्हाळ्यात पोरांचे पाय फार झपाट्याने वाढतात.