कडकनाथ म्हणून घेतलेली 300 पिल्लं

लिहायची लाज वाटते, पण आणखी कोणी बुडू नये म्हणून लिहितोय. कडकनाथ, म्हणजे आतून-बाहेरून काळी असते ती कोंबडीची जात. तिची म्हणून 85 रुपयांनी 300 पिल्लं, म्हणजे 25,500. वर गाडीभाडं 1,500. सगळे पैसे आगाऊ पाठवले. चार महिन्यांनी पक्षी आम्हीच 450 रुपये नगाने उचलू, असा व्यापाऱ्याचा शब्द होता. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

मी नवखा नाही. बॉयलर (मांसाच्या) कोंबड्यांच्या सहा बॅच काढल्यात. पण बॉयलर 40-42 दिवसांत निघतो, माल खराब असला तर दीड महिन्यात कळतं. कडकनाथला चार-पाच महिने जातात, तोवर विकणारा पसार. उचलीचा शब्द स्टँपपेपरवर घ्या, फोनवर नको.

खोकी उतरवली तेव्हा आईने एक पिल्लू तळहातावर उलटं धरलं. "अरे, पाठ काळी आणि तळवे पिवळे कसे याचे?" कडकनाथचे पाय, बोटं, तळवेसुद्धा पाटीसारखे काळसर असतात, हे मी वाचलेलं होतं. तरी व्यापाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "उन्हात सोडा, काळे होतील." आणि मी आईला तेच सांगितलं! गाडी अजून दारात उभी होती. खोकी तेव्हाच परत चढवायला हवी होती. आठवलं की आजही डोकं फिरतं. गाडी सोडण्याआधी दहा-वीस पिल्लं उलटी करून बघाच.

28 पोती खाद्य गेलं, 49,000 रुपये. 41 पक्षी मेले. त्यातलाच एक कापून बघितला, तर कातडी पांढरी, हाडं पांढरी. व्यापारी म्हणाला हा आमचा माल नाही, मग फोनच बंद. उरलेले 259 खरं सांगून साधे क्रॉस, म्हणजे संकरित, म्हणून 200 रुपयांनी विकले. 24,200 रुपये गेले, मजुरी धरलेलीच नाही.

पोलीस ठाण्यात म्हणे, "पिल्लं मिळाली ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे." कडकनाथ नसल्याचा दाखला आणा म्हणाले. जनावरांच्या दवाखान्यात गेलो, तर जातीचा दाखला आम्ही देत नाही. परत ठाण्यात, तर साहेब बंदोबस्तावर. चार खेटे घातले, अर्जसुद्धा घेतला नाही. ग्राहक आयोगात टेबलावरूनच परतवलं: धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहक नाही. साफ चूक! 2019 च्या कायद्यात, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत. हे मला वकिलाला पैसे देऊन कळलं. त्या टेबलावर बसणाऱ्याला माहीत नको?

ग्राहक आयोगात अर्ज पुन्हा देणार आहे. तुम्ही मात्र पावतीवर जातीचं नाव लिहून घ्या. माझ्या पावतीवर फक्त 'पिल्ले, 300 नग' एवढंच आहे, आणि वकील म्हणतात केस तिथेच अडणार.