जुन्या गाडीचं मिसिंग आणि हजाराच्या आतला ओबीडी स्कॅनर: पावसाळा ते हिवाळा वापरून

पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेला ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड आणि आकडे वाचणारं यंत्र) आता थंडी सरेपर्यंत वापरून झालाय. काडेपेटीएवढी डबी. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये बसवायची आणि फोनवरच्या अ‍ॅपला जोडायची. आपल्याकडे चारचाकींना ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं. माझी पेट्रोल हॅचबॅक त्यानंतरची आहे, म्हणून बहुतेक आकडे दिसतात. त्याआधीची गाडी असेल तर आधी कुणाचा तरी स्कॅनर लावून बघा, मगच पैसे घाला.

गाडीचं दुखणं असं होतं. ठाण्यात तीन हात नाक्याच्या सिग्नलला एसी लावून उभं राहिलं की स्टिअरिंग थरथरायचं, आरपीएमचा काटा ७५० वरून खाली डुबायचा. घोडबंदरला गायमुखच्या चढावर झटके बसायचे. गॅरेजमध्ये बोनेट उघडायच्या आतच निकाल लागला: "काका, मिसिंग मारतेय. चारही कॉइल, प्लग बदलू, इंजेक्टर साफ करू." खर्च पाच आकडी.

स्कॅनरने कोड दिला पी०३०२, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिस होतोय, त्यातलं पेट्रोल दर वेळी नीट पेटत नाही. इथे नीट लक्ष द्या. कोड सिलिंडर सांगतो, पार्ट सांगत नाही. प्रत्येक स्फोटाला क्रँकला जो धक्का मिळायला हवा तो एका वेळी कमी पडला, एवढंच क्रँक सेन्सरवरून ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळतं. कारण ठिणगी पाडणारा प्लग असेल, त्याला व्होल्टेज देणारी कॉइल असेल, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर असेल, नाहीतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. कोडसोबत फ्रीझ फ्रेमही मिळते: चेक इंजिनचा दिवा लागला त्या क्षणीचा वेग, आरपीएम, इंजिनचं तापमान. माझा दिवा चढावर, इंजिनवर जोर असताना लागला होता, त्यामुळे संशय आधी ठिणगीवर गेला. कोड पुसला की फ्रीझ फ्रेमही जाते, म्हणून आधी स्क्रीनशॉट काढा.

मग दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावली. कोड पुसून पुन्हा चढ चढलो, तर पी०३०३. मिसिंग कॉइलबरोबर सरकलं, म्हणजे दोष कॉइलचाच. एकच कॉइल बदलली, झटके थांबले. चारातल्या तीन कॉइल ठणठणीत होत्या!

पण सिग्नलची थरथर गेली नाही, आणि या डबीचं खरं मोल मला इथे कळलं. लाइव्ह डेटात फ्युएल ट्रिम नावाचा आकडा असतो. ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय, ते त्यात दिसतं. मिसिंग चालू असताना हा आकडा फसवतो, कारण न जळलेल्या मिश्रणातला ऑक्सिजन एक्झॉस्टमधल्या सेन्सरपर्यंत पोचतो आणि पेट्रोल कमी पडतंय असं ईसीयूला वाटतं. म्हणून आधी मिसिंग काढायचं, मग ट्रिम वाचायची. माझी लाँग टर्म (ईसीयूने सवयीने धरलेली) ट्रिम आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, अधिक १८ च्या आसपास आणि २५०० आरपीएमला अधिक ४. कुठूनतरी चोरटी हवा आत शिरत होती. आयडलला इंजिन मुळात हवा कमी ओढतं, त्यामुळे तेवढ्याच फटीचा वाटा मोठा होतो. रेस वाढवली की तो किरकोळ ठरतो. पेट्रोल पंप किंवा फिल्टर कमी पडत असता तर सहसा उलट झालं असतं, जोरावर आकडा वाढला असता.

फोन डॅशबोर्डवर ठेवून मुलीला आकडे वाचायला बसवलं आणि एकेक रबरी पाइप चिमटीत दाबत गेलो. पीसीव्हीचा (इंजिनच्या पोटातली वाफ पुन्हा आत ओढणारा) पाइप दाबताच ट्रिम उतरायला लागली. ऑइलने मऊ पडून तो खालच्या बाजूने चिरला होता, वरून बघून कुणालाही कळलं नसतं. नवा पाइप काहीशे रुपयांत आला. तेव्हापासून ट्रिम अधिक-उणे ५ च्या आत आहे आणि सिग्नलला काटा हलत नाही.

हा हिशेब हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाडीचा. बऱ्याच छोट्या गाड्यांत त्याऐवजी हवेचा दाब मोजणारा एमएपी सेन्सर असतो. तिथे अशी गळती ट्रिममध्ये इतकी ठळक दिसत नाही, आयडल चढलेलं दिसू शकतं.

उणिवा आहेत. आकडे संथ येतात, ब्लूटूथ मधेच तुटतं, आयफोनला साधा ब्लूटूथवाला चालत नाही, आणि डबी सॉकेटमध्ये तशीच राहिली तर उभ्या गाडीची बॅटरी खाते. कॉम्प्रेशन तर स्कॅनर मोजूच शकत नाही, त्यासाठी गेज लावणारा मेकॅनिकच हवा. आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर स्कॅनर नंतर, आधी पाय हलका करून गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आतली जाळी वितळू शकते, आणि तो खर्च चारही कॉइलपेक्षा मोठा.

सध्या डबी कळव्याला मेव्हण्याकडे आहे. त्याच्या गाडीला सीएनजी किट आहे. गॅस पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे कमजोर कॉइल किंवा वाढलेली प्लगची गॅप गॅसवर आधी उघडी पडते. त्याला पेट्रोलवरचे आणि गॅसवरचे आकडे वेगवेगळे लिहून ठेवायला सांगितलंय.