वळवात टिकलेला मांडव : पाचपैकी चार तारे

मुलीचं लग्न कार्यालयात नको, दारातच व्हायला हवं, हा आमच्या मंडळींचा हट्ट. गाव तासगाव तालुक्यातलं, तारीख मेच्या पहिल्या आठवड्यातली. यंदा म्हणजे 2026 ला 17 मेपासून अधिक ज्येष्ठ, म्हणजे पुढं महिनाभर लग्नं बंद. त्यामुळं सगळ्या तारखा एकावर एक आल्या आणि मंडपवाल्यांचे भाव बेदाण्यासारखे चढले. द्राक्षवाल्याला आभाळ वाचता येतं असं लोक समजतात. येत नाही हो. आम्ही फक्त इतरांपेक्षा जास्त घाबरतो.

त्यात 2025 चा मे डोळ्यांसमोर होता. एरवी 11 जूनच्या आसपास मुंबईत येणारा मान्सून त्या साली 26 मेलाच पोचला. आणि त्याच्या आधी पाहुण्यांच्या एका लग्नात मी स्वतः बघितलंय, सपाट छतावर पाणी साठून ताडपत्रीला पोट सुटलं, कुणा शहाण्यानं खालून बांबूनं ढोसलं आणि सगळं पाणी पंगतीवर. तेव्हा हसलो. नंतर घरी हिशेब केला तर हसू गेलं. 15 बाय 15 फुटांच्या एका खणात नुसतं दोन इंच पाणी साठलं तरी वजन एका टनाच्या वर जातं.

तर हे मंडपवाले. नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारही आहे. पहिल्या दोघांनी आल्या आल्या झालरीच्या रंगाचे फोटो दाखवले. हे आले ते रानात गेले, पहार मागितली आणि चार ठिकाणी ठोकून बघितली. म्हणाले, "अण्णा, काळं रान हाय. वाळलंय तवर दगडागत धरतंय, भिजलं की मेख लोण्यातनं निघाल्यागत निघती." मला तिथंच माणूस पटला.

मांडव 40 बाय 90 चा. साध्या कापडी मांडवाचा दर फुटाला 12 रुपये, वॉटरप्रूफचा 20. म्हणजे 28,800 रुपये जास्तीचे. पण त्या पैशात फक्त ताडपत्री येत नाही. मधला खांब 16 फूट, कडेचे 11, म्हणजे वीस फुटांत पाच फूट उतार. ताडपत्र्या कौलं शाकारतात तशा, खालून वर चढत, वरचीची कड खालचीवर. रिंगांना दोऱ्या होत्याच, शिवाय छतावरून आडवे-उभे दोरखंड ओढून दोन्हीकडं ताणले. वाऱ्यात ताडपत्री फडफडते आणि ती फडफडच तिला रिंगेपाशी फाडते, म्हणून ती दाबूनच ठेवायची. मेखा तीन फुटी, मांडवाच्या उलट दिशेला कललेल्या. विहिरीच्या अंगाला माती भुसभुशीत होती, तिथं मेखांवर विश्वास न ठेवता पाण्यानं भरलेली 200 लिटरची पिंपं लावली, एकेक दोनशे किलोचं. भोवतीनं हातभर चर मारला. लाईटच्या वायरींचे जोड सगळे डोक्याच्या वर, कारण खांब लोखंडी.

मुहूर्त गोरजाचा. दुपारी हळदीच्या वेळेलाच उकाडा असा की नवरीच्या मावशीनं साडीच्या पदरानं वारा घालायला सुरुवात केली. फोनवर दामिनी ॲप विजेचा इशारा देत होतं. साडेचारला पलूसच्या बाजूनं आभाळ काळंनिळं झालं, आधी धूळ, मग वारा. बायका कनाती बांधायला धावल्या. मंडपवाले ओरडले, "बांधू नका, समोरासमोरच्या दोन्ही सोडा!" एकाच अंगानं वारा आत घुसला आणि पलीकडं वाट मिळाली नाही तर मांडवाची छत्री होते, उलटी. मेन स्विच पाडला. डीजेवाला चिडला, त्याला चहा दिला. लोखंडी खांबापाशी कुणी उभं राहायचं नाही म्हणून पोरं हाकलली, म्हाताऱ्यांना घरात नेलं.

पंचवीस मिनिटं झोडपलं. वाटाण्याएवढ्या गारा पण पडल्या. वाऱ्यात मी बागेकडं बघायचं सोडून छताकडंच बघत होतो. माल मार्चलाच उतरलाय हे डोक्यातच राहिलं नाही. छत एकदा वर उचललं गेलं, दोरखंड ताणून करकरले, परत बसलं. सपाट कुठंच नव्हतं, त्यामुळं पोट सुटायला जागाच नव्हती. पाऊस थांबल्यावर मालक आणि दोन पोरं सगळ्या मेखांवरून फिरली, सहा ढिल्या झाल्या होत्या, त्या नव्या जागी ठोकल्या. मंगलाष्टकं वेळेवर झाली. गालिचे प्लायच्या फळ्यांवर होते, पायाला चिखल लागला नाही.

आता तक्रार. छताचं पाणी काढायची पन्हळ त्यांनी सोडली कुठं, तर स्वयंपाकाच्या मांडवाकडं. आचाऱ्याच्या दोन भट्ट्या विझल्या आणि जेवण पाऊण तास लांबलं. आचारी जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. दुसरं म्हणजे पाईप जुने. गंजाचं पाणी ठिबकून व्याहीणबाईंच्या पैठणीवर तांबूस डाग पडले. अजून तो विषय निघतो. पाईपला रंग मारायला किती खर्च येतो? मालकांनी ड्रायक्लीनिंगचे पैसे बिलातून कमी केले, माझ्यावर मागायची वेळ आणली नाही, पण साडी ती साडीच. आणि पिंपांचे 1,500 रुपये ठरवताना सांगितले नव्हते, शेवटी लावले. दिले, पण आधी सांगायला हवे होते.

एक तारा आचारी आणि पैठणीपायी कमी. तुळशीच्या लग्नानंतर पुतण्याचं ठरतंय, त्यालाही हेच मंडपवाले सांगितलेत. पन्हळ चराकडं काढायची, हे या वेळी कागदावर लिहून घेतलंय.