बाल्साच्या विमानांसाठी सॉफ्टबोर्ड: वापरानंतरचे मत
बाल्सा या हलक्या लाकडाचे छोटे, प्रतिकृती विमान जुळवण्यासाठी पृष्ठभाग सपाट हवा आणि त्यात सुटे भाग जागेवर धरणारी टाचणी सहज रुतून घट्ट उभीही राहायला हवी. नाशिकमधील एका प्लायवूडच्या दुकानातून आणलेला १२ मिलिमीटर जाडीचा सॉफ्टबोर्ड (सूचनाफलकांसाठी वापरतात तसा मऊ बोर्ड) टाचणी उत्तम धरतो. मात्र तो नुसताच टेबलावर ठेवल्यामुळे पावसाळ्यात मधोमध फुगला आणि त्यावर जुळवलेल्या पंखाला पीळ पडला, ज्यामुळे विमान उडताना एका बाजूला कलते. आता तोच बोर्ड वाळवून माळ्यावरच्या जुन्या फ्लश (सपाट पृष्ठभागाच्या) दरवाजावर चिकटवला असून, पोलादी पट्टी उभी धरली तरी खालून उजेडाची फट दिसत नाही. बोर्डवर ठेवलेल्या विमानाच्या कागदी आराखड्यावर पातळ प्लास्टिक अंथरावे, अन्यथा फेव्हिकॉलमुळे सांगाडा कागदालाच चिकटतो. कापकाम यावर करू नये. ब्लेडच्या चरांत टाचण्या तिरक्या जातात.