कायोटीसाठी मांस ठेवावं की वासाचं आमिष?

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या भाच्याला स्वयंचलित कॅमेऱ्यावर कायोटी, म्हणजे तिथले कोल्ह्या-लांडग्यासारखे रानटी प्राणी, टिपायचेत. मेलेलं जनावर ठेवू की बाटलीतला वास, यावर तो अडलाय.

खर्चात मांस स्वस्त वाटतं, पण कटकट जास्त. हरणांतल्या सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) या जीवघेण्या, पसरणाऱ्या रोगामुळे मृत हरणाचे अवयव हलवण्यावर अमेरिकेतल्या अनेक राज्यांत बंधनं आहेत. आधी नियम बघायचे. वासाचे चार थेंब पुरतात.

टिकण्याचं उत्तर ऋतूवर. थंडीत गोठलेलं मृत जनावर बरेच दिवस पुरतं, कायोटी पुन्हा पुन्हा येतात. त्यावर जमलेल्या डोमकावळ्यांचा कलकलाटही त्यांना खुणावतो. मात्र ते जनावर तारेने खुंटीला बांधा, नाहीतर रात्रीत गायब! उन्हाळ्यात दुर्गंधी, माश्या आणि अस्वल, म्हणजे नको ते पाहुणे. वास पावसाने धुऊन जातो, तो पुन्हा लावावा लागतो. शिवाय कायोटी हुंगतो, कधी मुततो आणि निघून जातो, फोटो एखाददुसराच.

दोन्हींत कायोटी बहुधा आमिषावरून वारा जिकडे वाहतो त्या बाजूने, हुंगत येतो. कॅमेरा तसा लावा.

कळपातले व्यवहार निवांत बघायचे, जागा वस्तीपासून दूर आणि हिवाळा असेल तर मांस. फक्त कायोटी आहेत का एवढंच कळायला हवं, किंवा जवळ घरं, कुत्री असतील, तर वासच.