घड्याळाला बांधलेला दिवस की आठवड्याचा हिशेब? स्वतंत्र कलाकारानं काय निवडावं

नोकरी सोडून पूर्णवेळ गाण्याबजावण्यात उतरलं की महिन्याभरातच प्रश्न उभा राहतो: दिवस लावायचा कसा? शिकवण्या, साथीची कामं, मधूनच एखादं रेकॉर्डिंग, अशी सरमिसळ कमाई असणाऱ्यांपुढे साधारण दोन वाटा असतात. एका वाटेवर सगळं घड्याळावर चालतं. अमुक वाजता रियाज, अमुक वाजता शिकवण्या, अमुक वाजता फोन आणि हिशेब. दुसऱ्या वाटेवर आठवड्याचं गणित असतं. इतके तास रियाज, एक चाल पुरी, बाकी जसं जमेल तसं. मी पेटीची साथ करते आणि शिकवतेही. दोन्ही तऱ्हेचे कलाकार रोजच भेटतात, त्यामुळे या विषयावर माझं मत ठाम आहे.

गळा आणि हात

इथे घड्याळवाले सरळ जिंकतात. शिकवणीला विद्यार्थी दारात येऊन उभा राहतो, रेकॉर्डिंगसाठी स्टुडिओतून फोन येतो, कार्यक्रमाला आयोजक चारदा आठवण करतो. रियाजाला मात्र कुणी बोलवत नाही आणि त्याचे पैसेही कुणी देत नाही. म्हणून दिवसभरात पहिला बळी त्याचाच जातो.

आठवड्याचं गणित मांडणाऱ्यांचं काय होतं, तर गुरुवार उजाडतो तेव्हा ठरवलेले बहुतेक तास शिल्लकच असतात. मग शनिवार-रविवारी एका बैठकीत चार-पाच तास. तबलजी असेल तर ‘धातिटधा तिटधाधा तिटधागे तिनाकिना’ हा दिल्ली घराण्याचा कायदा (सरावाची ठरलेली बोलरचना) दुप्पट-चौपट लयीत रेटत राहतो, मनगट भरून येतं आणि सोमवारी हात उचलत नाही. गायकाचा आवाज बसतो. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब यांचा आवाज अमलेटा संस्थानात सतत गावं लागल्यानं गेला, ही हकिकत गाणाऱ्या प्रत्येकानं ऐकलेली असते. त्यांनी त्यातून नवी गायकी उभी केली, पण ती त्यांची ताकद होती.

बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांवरचा एक अभ्यास 1993 साली प्रसिद्ध झाला. त्यातले वरच्या दर्जाचे वादक आठवड्याला सुमारे 24 तास एकट्यानं सराव करत होते, म्हणजे दिवसाला साडेतीन तासांच्या आसपास. तोही तुकड्यातुकड्यांनी, मध्ये विश्रांती घेऊन, आणि दुपारी डुलकी काढून. एका बैठकीत तासन् तास बसण्याच्या बाजूनं चाळीस दिवसांच्या चिल्ल्याचं, म्हणजे अखंड रियाजाच्या व्रताचं उदाहरण नेहमी दिलं जातं. पण चिल्ला म्हणजेसुद्धा काटेकोर नेमच. बाकी सगळे व्यवहार बंद ठेवून केलेला.

रोज त्याच वेळी बसण्याचा आणखी एक फायदा आहे आणि तो मला सगळ्यात मोठा वाटतो. सकाळी उठल्यावर आवाज जड असतो, खर्ज (खालचे स्वर) सहज लागतो. रोज त्याच वेळी तानपुऱ्यावर मंद्र षड्ज (खालचा सा) लावला, की काल तो कुठवर टिकला होता आणि आज कुठे हलतोय हे लगेच कळतं. घसा कोरडा आहे, झोप कमी झाली आहे, काल जास्त बोलणं झालं, सगळं त्या एका स्वरात ऐकू येतं. कधी दुपारी, कधी रात्री बसणाऱ्याला ही तुलनाच करता येत नाही.

एक धोका मात्र आहे. फक्त सकाळी गाणाऱ्याचे भैरव-तोडी हे सकाळचे राग छान तयार होतात आणि मैफल संध्याकाळची असते, यमनची किंवा पूरिया धनाश्रीची. दिवसभर शिकवून झाल्यावरचा आठ वाजताचा गळा हा वेगळाच गळा असतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी अर्धा तास तरी त्याला द्यावा.

बोलावणी आणि पैसा

इथे पारडं उलटं. नाशिकचा कार्यक्रम संपवून पुण्यात घरी यायला रात्रीचे दोन वाजले, तर साडेपाचला उठून खर्ज लावणं हा गळ्यावर अन्याय आहे. गणेशोत्सवात आणि लग्नसराईत कुणाचंच घड्याळ चालत नाही. कार्यक्रमाची सुपारी नाकारली की पुढच्या वर्षी फोन दुसऱ्याला जातो.

पण आपल्या गुरुजनांच्या काळापेक्षा आज एक गोष्ट बदललेली आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. मोजके दिवस 12 पर्यंत सूट मिळते. 1953 साली सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चालायचा, तोही आता रात्रीच आटोपतो. उलट दिवाळी पहाटेचे कार्यक्रम गावोगावी होतात. सहाच्या कार्यक्रमाला साडेचारला हजर व्हावं लागतं आणि तिथे पहाटेचा गळा ज्याचा तयार, त्याचीच पहिली तान स्वच्छ जाते. ख्याल, नाट्यसंगीत, अभंग गाणाऱ्यांना सकाळचा नेम आज पूर्वीपेक्षा जास्त परवडतो. बंद सभागृहांतले ऑर्केस्ट्रे आणि पबमधले बँड यांचं तसं नाही.

स्वतःची गाणी

यासाठी रोजची वेळ लागत नाही. आठवड्यातली एक दुपार राखली तरी पुरे, पण ती खरंच राखावी. स्पॉटिफायवर नवं गाणं प्लेलिस्टसाठी पाठवायचं तर प्रदर्शनाच्या किमान सात दिवस आधी पाठवलेलं बरं, तरच ते आपल्या फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये (नव्या गाण्यांच्या आपोआप बनणाऱ्या यादीत) जातं. 2024 पासून तिथे मागच्या बारा महिन्यांत 1,000 स्ट्रीम न झालेल्या गाण्याला रेकॉर्डिंगचं मानधन मिळत नाही. स्वतःच्या चाली आणि शब्द आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांचं मानधन गोळा करणाऱ्या संस्थेकडे) नोंदवणं हेही असंच, कायम उद्यावर जाणारं काम.

मग कुणी काय घ्यावं?

गायक, तबलजी, सतारिये, आणि घरी शिकवण्या घेणारे सगळे: घड्याळ. संगीत संयोजन किंवा जिंगलची कामं करणाऱ्यांना निर्मात्याच्या तारखा पाळाव्या लागतात, त्यांना आठवड्याचं गणितच सोयीचं. सतत दौऱ्यावर असणाऱ्या साथीदारांनीही तेच घ्यावं, मात्र हॉटेलच्या खोलीत का होईना, रोज वीस मिनिटं वाद्याला हात लागलाच पाहिजे.

मी स्वतः सकाळचा दीड तास तेवढा बांधलेला ठेवते, बाकी दिवस मोकळा. मोबाइल दुसऱ्या खोलीत असतो आणि तानपुरा सिमकार्ड नसलेल्या जुन्या फोनवर लावते. त्यामुळे मधे कुणाचा मेसेज डोकावत नाही. उठताना वहीत एक ओळ: तारीख, राग, कुठे अडलं. रात्री उशीर झाला असेल तर दीड तासाचा अर्धा तास होतो आणि तोही उशिरा, पण दिवसाचं पहिलं काम तेच.

सुरुवात गणेशोत्सवात करू नका. पितृपक्षात कार्यक्रम कमी असतात, तेव्हाचा पंधरवडा उत्तम. नवरात्रात बोलावणी सुरू झाली की आठवड्याभरात कळेल किती निभतंय. दीड तास जमत नसेल तर पाऊण तासावर या, पण बसायची वेळ तीच ठेवा.