सोलापूरच्या पूर्व भागातला मास्तरांचा योगवर्ग : माझा अनुभव

मागासाठी सुताच्या कांड्या भरून भरून माझा उजवा खांदा आखडला होता. वेणी घालायला हात मागे जाईना. शेजारच्या अक्कांनी मला मास्तरांकडे नेलं.

मास्तर मूळचे मागावरचे कामगार. तिशीत कंबर धरली, तेव्हा पुण्यात योगाची अय्यंगार पद्धत शिकलेल्या एका बाईंनी त्यांना उभं केलं. मग दिवसा माग, पहाटे आसनं, असं बरीच वर्षं. आता फक्त शिकवतात. भगवी वस्त्रं नाहीत, प्रवचन नाही. बनियन आणि लेंगा.

ही पद्धत घडवणारे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार लहानपणी फार आजारी असत. पुढे त्यांनी दोऱ्या, विटा, घोंगड्या यांचा आधार देऊन ताठरलेल्या शरीरालाही आसन जमवून दिलं. मास्तर तेच आपल्या सोलापुरी चादरींवर करतात. सर्वांगासनाला चार चादरींची घडी खांद्याखाली, डोकं मात्र खाली जमिनीवर, म्हणजे मानेवरचा भार कमी होतो. घडीची कडा सरळ नसेल तर स्वतः उकलून पुन्हा घालतात. मला पहिला महिनाभर भिंतीच्या दोरीला धरून नुसतं उभं केलं. घाई करू दिली नाही, याचं मला फार मोल वाटतं.

जागा लहान आहे, उन्हाळ्यात पत्रा तापतो, म्हणून पहाटे साडेपाचचीच वेळ धरा. फी महिना ४०० रुपये. विडी कामगार बायकांकडून ते घेत नाहीत.

चौथ्या महिन्यात मी माझी वेणी स्वतः घातली. अक्कांना दाखवायला तशीच पळत गेले.